नोव्हेंबरातलं क्योटो मित्रमंडळींसोबत: कधी जावं, कुठून सुरू करावं, काय टाळावं

शरद ऋतूतल्या क्योटोबद्दल पहिली तक्रार ऐकू येते ती गर्दीची. तक्रार खरी आहे, पण अर्धीच. ही गर्दी शहरभर सारखी पसरलेली नसते. सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळात ती सात-आठ प्रसिद्ध ठिकाणी आणि तिकडे जाणाऱ्या बसमध्ये कोंबलेली असते. त्या वेळात त्या जागी नसण्याची सोय केली की हेच शहर ऐन हंगामातही निवांत वाटतं. चार-सहा जणांच्या गटाला हे जमवणं एकट्यापेक्षा अवघड जातं, कारण गट सकाळी हॉटेलमधून निघायलाच तासभर लावतो. म्हणून खालचं सगळं नियोजन गट डोळ्यांसमोर ठेवून केलं आहे.

तारखा ठरवताना

क्योटो शहरातला मोमिजी, म्हणजे जपानी मेपल, साधारण नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत लाल होतो. रात्रीचा पारा आठ अंशांच्या खाली जाऊ लागला की पानं रंगायला लागतात. थंडी उशिरा आली तर रंगही उशिरा येतो, आणि अलीकडच्या उबदार वर्षांत ऐन बहर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सरकलेला दिसला आहे. एकच तारीख धरायची असेल तर २२ ते ३० नोव्हेंबर धरा. फक्त २३ नोव्हेंबरच्या सुट्टीचं भान ठेवा. तो जपानमध्ये श्रमाबद्दल कृतज्ञतेचा राष्ट्रीय दिवस असतो. २०२६ मध्ये तो सोमवारी येतो, म्हणजे २१ ते २३ सलग तीन दिवस सुट्टी आणि अर्ध्या जपानचा मोर्चा क्योटोकडे. त्या वर्षी २४ तारखेला पोहोचणं शहाणपणाचं.

तारीख थोडी चुकली म्हणून सहल वाया जात नाही, कारण रंग डोंगरावरून खाली उतरत येतो. वायव्येकडचं ताकाओ सगळ्यात आधी, नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच रंगतं. मग कुरामा-किबुने आणि ओहारा. त्यानंतर अराशियामा आणि एइकान-दो, तोफुकु-जी ही मंदिरं. शिमोगामो देवळाभोवतीचं तादासु-नो-मोरी हे रान सगळ्यात शेवटी, डिसेंबरात. लवकर पोहोचलात तर वर चढा, उशीर झाला तर तादासु गाठा. पानं गळून गेली असतील तर झाडांऐवजी जमिनीकडे बघायचं: यामाशिनातल्या बिशामोन-दो मंदिराच्या पायऱ्या आणि गिओ-जी मंदिरातलं शेवाळ यांवर पडलेला लाल सडा कित्येकांना झाडावरच्या पानांपेक्षा जास्त आवडतो.

रोजची स्थिती सांगणाऱ्या फलकांवर आणि संकेतस्थळांवर तीन शब्द दिसतात: ‘इरोझुकी’ म्हणजे रंग चढतोय, ‘मिगोरो’ म्हणजे आत्ताच बघा, ‘चिरी-हाजिमे’ म्हणजे गळायला लागलं. आदल्या रात्री हे पाहून दुसऱ्या दिवसाची जागा ठरवा. महिनाभर आधी तारीखवार यादी करून तिला चिकटून बसण्यात अर्थ नाही.

राहायचं कुठे

या काळात क्योटोतल्या हॉटेलांचे दर चढलेले असतात आणि एका मजल्यावर तीन खोल्या मिळणंही मुश्किल असतं. सहा महिने आधी आरक्षण केलं तर कारासुमा-ओइके किंवा शिजो भागात पाहा. कारासुमा-ओइकेला मेट्रोच्या दोन्ही मार्गिका, कारासुमा आणि तोझाई, एकमेकींना छेदतात, त्यामुळे कुठेही जाताना बसची गरज कमी पडते. आरक्षणाला उशीर झाला तर जेआर, म्हणजे जपान रेल्वेच्या मार्गावर एकेक स्थानक पुढे सरका. यामाशिना क्योटो स्थानकापासून पाच मिनिटांवर आहे, बिवा तळ्याकाठचं ओत्सु दहा मिनिटांवर. ओसाका अर्ध्या तासावर आहे, पण भल्या पहाटे निघायचं असेल तर तो अर्धा तास जिवावर येतो.

मार्च २०२६ पासून क्योटोचा निवास-कर वाढला आहे. माणशी एका रात्रीचं भाडं सहा हजार येनपेक्षा कमी असेल तर २०० येन, सहा ते वीस हजारांपर्यंत ४०० येन, वीस ते पन्नास हजारांपर्यंत १,००० येन. आरक्षणाच्या रकमेत तो बहुधा धरलेला नसतो, हॉटेलात वेगळा मागतात. गटाच्या हिशेबात आधीच धरून ठेवा.

बसचा नाद सोडा

क्योटोत वेळेचं खोबरं होतं ते सिटी बसमध्ये. पूर्वेकडचा हिगाशिओजी रस्ता नोव्हेंबरच्या दुपारी तुंबलेला असतो. २०६ क्रमांकाची बस कियोमिझु आणि गिओनच्या मध्ये माणसाच्या चालीनेसुद्धा पुढे जात नाही. सहा जण एका बसमध्ये मावतीलच असंही नाही. त्यामुळे आधी रेल्वे किंवा मेट्रोने जवळचं स्थानक गाठायचं आणि उरलेलं अंतर चालायचं, असा साधा नियम ठेवा. कियोमिझु-देरा या मंदिराला केइहान रेल्वेच्या कियोमिझु-गोजो स्थानकावरून पंचवीस मिनिटं चढण चालावी लागते, तरीही दुपारी बसपेक्षा लवकर पोहोचता येतं.

प्रत्येकाने स्वतःचं इकोका कार्ड, म्हणजे रेल्वे आणि बससाठीचं पैसे भरून ठेवायचं कार्ड, घ्यावं. एका कार्डावर दोघांना फाटकातून जाता येत नाही. प्लास्टिकचं कार्ड २,००० येनला मिळतं. त्यात ५०० येन अनामत आणि १,५०० वापरायला. बसमध्ये मागच्या दाराने चढायचं, पुढच्याने उतरायचं आणि पैसे उतरताना द्यायचे. शहरातलं एकसारखं भाडं सध्या २३० येन आहे. रोख देणार असाल तर पेटीत नेमके सुटे टाकावे लागतात, जास्तीचे परत येत नाहीत. शेजारच्या यंत्रातून हजाराची नोट मोडता येते, पण ते बस थांबलेली असताना आधीच करून ठेवा. सहा जण दारात नाणी मोजत उभे राहिले की मागे रांग खोळंबते.

मेट्रो आणि बस दोन्हींचा एक दिवसाचा पास १,१०० येनला आहे. फक्त बसचा जुना स्वस्त पास बंद झाला. साधा हिशेब करा: दिवसात पाच फेऱ्या होत असतील तरच पास परवडतो, आणि खाली दिलेल्या पद्धतीने फिरलात तर पाच फेऱ्या क्वचितच होतील. शनिवार-रविवारी आणि सुट्टीला क्योटो स्थानकावरून पर्यटकांसाठी थेट बस सुटते. तिचं भाडं ५०० येन असलं तरी हा पास तिच्यात चालतो. हा पर्याय सकाळी उपयोगी पडतो.

चार जण असतील तर टॅक्सी करायला लाजू नये. पहाटे रस्ते रिकामे असताना चौघांत वाटलेलं भाडं बसच्या जवळपास येऊ शकतं. पाचवा माणूस मात्र साध्या टॅक्सीत बसत नाही, दुसरी गाडी करावी लागते. गट ठरवतानाच हे लक्षात घेतलेलं बरं.

उजेड कुठून येतो ते पाहून दिवस आखा

क्योटो तीन बाजूंनी डोंगरांनी वेढलेलं आहे. अराशियामा पश्चिमेच्या डोंगराला टेकून आहे, म्हणून तिथे सकाळचं ऊन छान येतं आणि दुपारी तीननंतर सावली उतरते. हिगाशियामा पूर्वेच्या डोंगराला टेकलेलं, तिथे सकाळी ऊन उशिरा पोहोचतं आणि दुपारनंतर पानं उजळतात. नोव्हेंबरअखेर सूर्य पावणेपाचच्या सुमाराला मावळतो. ही एक गोष्ट कळली की कुठली जागा सकाळी आणि कुठली दुपारी, हे पाठ करावं लागत नाही. पानं प्रकाशाच्या दिशेने बघितली, म्हणजे सूर्य पानांच्या मागे ठेवला, की रंग पेटल्यासारखा दिसतो. पाठीवर ऊन घेऊन काढलेले फोटो सपाट येतात.

*दक्षिणेचा दिवस: फुशिमी इनारी आणि तोफुकु-जी.* इनारीचं देऊळ चोवीस तास उघडं असतं आणि प्रवेश फुकट आहे. जेआर नारा मार्गावर क्योटोपासून दुसरं स्थानक. नवखे लोक इथेच चुकतात: ‘मियाकोजी’ नावाची जलद गाडी इनारीला थांबत नाही, साधी लोकलच पकडायची. सकाळी साडेसहाला पोहोचलात तर लाल तोरींच्या, म्हणजे देवळाच्या कमानींच्या, रांगा तुमच्याच. २३३ मीटर उंचीच्या डोंगराचा पूर्ण फेरा साधारण चार किलोमीटरचा आहे, दोन-तीन तास लागतात. तोफुकु-जी गाठायचं असल्यामुळे योत्सु-त्सुजी या चौकापर्यंत, म्हणजे निम्म्या वाटेवर, जाऊन परत फिरा. तिथून शहर दिसतं, आणि पुढे फारसं वेगळं काही नाही.

परतताना जेआर किंवा केइहानने तोफुकु-जी स्थानकावर उतरा. हंगामात हे मंदिर नेहमीपेक्षा लवकर, साडेआठला उघडतं. त्सुतेन-क्यो या लाकडी पुलाचं हंगामातलं तिकीट १,००० येन आहे. पुलाखालची घळ मेपलने भरलेली असते. ऐन गर्दीच्या दिवसांत पुलावर थांबून फोटो काढायला बंदी असते. कुणी काढताना दिसलं तर कर्मचारी लगेच पुढे सरकवतात. पुलावर नुसतं बघा आणि फोटो खाली घळीत उतरल्यावर काढा. तिथून वर पूल आणि पानं एका चौकटीत येतात, दृश्य उलट जास्त चांगलं. दहाच्या आत बाहेर पडा.

*पश्चिमेचा दिवस: अराशियामा.* क्योटो स्थानकावरून जेआर सागानो मार्गाने सागा-अराशियामा पंधरा-वीस मिनिटांवर. सात वाजता बांबूच्या वाटेवर, आणि मग तेनर्यू-जीच्या दारात. हे मंदिर एरवी साडेआठला उघडतं, पण शरद हंगामात साडेसातला दार उघडण्याची पद्धत आहे. त्या वर्षीच्या तारखा त्यांच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. सोगेन-ची तळ्यात मागच्या डोंगराचा रंग उतरलेला दिसतो तो वारा सुटण्याआधीच. बागेच्या उत्तर दारातून बाहेर पडलं की थेट बांबूच्या वाटेवरच येता. पुन्हा प्रवेशद्वाराकडे जाऊन गर्दी अंगावर घेऊ नका. इथून गर्दी तोगेत्सु-क्यो पुलाकडे जाते, तुम्ही उत्तरेला वळा: जोजाक्को-जी, निसोन-इन, गिओ-जी. तिन्ही चालत गाठण्यासारखी आहेत. जोजाक्को-जी उतारावर आहे, वरून शहर दिसतं. तिन्हींपैकी एकच निवडायचं तर हेच.

सागानोची तोरोक्को ही पर्यटक गाडी होझु नदीच्या काठाने ७.३ किलोमीटर जाते, पंचवीस मिनिटांत, भाडं ८८० येन. तिकिटं महिनाभर आधी खुली होतात आणि नोव्हेंबरअखेरच्या जागा भराभर संपतात. सहा जागा एकत्र हव्या असतील तर विक्री सुरू होते त्याच दिवशी घ्या. एकेरी तिकीट पुरे. कामेओकाला उतरून दहा मिनिटं चाललं की जेआरचं उमाहोरी स्थानक येतं, तिथून साध्या गाडीने परत. दोन्ही बाजूंनी तेच दृश्य बघण्यासाठी तासभर थांबण्यापेक्षा हे बरं.

*पूर्वेचा दिवस* सगळ्यात श्रीमंत आहे आणि बहुतेक गट तोच बिघडवतात, कारण कियोमिझु-देरा, गिओन, नान्झेन-जी, एइकान-दो, गिन्काकु-जी सगळं एकाच दिवसात कोंबतात. त्याचे दोन तुकडे करा. कियोमिझु पहाटेचा. ते सकाळी सहाला उघडतं, तिकीट ५०० येन. १६३३ साली बांधलेला लाकडी मंच तेव्हा रिकामा मिळतो आणि सान्नेनझाकाच्या दगडी पायऱ्याही. दुकानं बंद असतात, पण त्यामुळेच ती गल्ली दिसते.

दुसरा तुकडा दुसऱ्या दिवशी, तोझाई मेट्रोच्या केआगे स्थानकापासून. बाहेर पडून विटांच्या पिळदार बोगद्यातून पुढे गेलं की दहा मिनिटांत नान्झेन-जी. तिथल्या आवारात विटांचा सुइरोकाकु जलसेतू आहे. १८८८ साली बिवा तळ्याचं पाणी आणणाऱ्या कालव्यासाठी तो बांधला, आणि त्यावरून पाणी आजही वाहतं. आवार आणि जलसेतू बघायला तिकीट नाही. एइकान-दो नऊला उघडतं. पावणेनऊला रांगेत लागा, शरदातलं तिकीट १,००० येन. इथे सकाळी ऊन उशिरा येतं हे खरं, पण दुपारची रांग पाहता ही तडजोड योग्य आहे. मग ‘तत्त्वज्ञाचा रस्ता’ या दोन किलोमीटरच्या कालव्याकाठच्या वाटेने उत्तरेला निघा आणि वाटेत होनेन-इनमध्ये वळा. गवती छपराचं दार आणि वाळूचे दोन चौथरे, आवारात प्रवेश फुकट. गिन्काकु-जीला आता कोंडी झालेली असेल. सरळ पश्चिमेला वळून शिन्न्यो-दो गाठा. तीन मजली पागोडा, भरपूर मेपल, आवार फुकट आणि दुपारचं ऊन तिरपं येतं. गिन्काकु-जीपेक्षा ही जागा नोव्हेंबरात उजवी आहे, मग टूर कंपन्या काहीही म्हणोत.

रात्रीची रोषणाई

अनेक मंदिरं हंगामात संध्याकाळी दिवे लावतात. एक-दोन पुरेत, तिसऱ्यात सगळं सारखंच दिसू लागतं. एइकान-दोमध्ये दिवसाचे लोक बाहेर काढून संध्याकाळी नव्याने तिकीट घ्यावं लागतं, आतच थांबून राहता येत नाही. तो-जीमध्येही तसंच. तो-जी क्योटो स्थानकापासून पंधरा मिनिटं चालत आहे आणि ५५ मीटर उंच पाच मजली पागोडा तळ्यात पडलेला दिसतो, त्यामुळे दक्षिणेच्या दिवसाला तो नीट जोडता येतो. कियोमिझुची रोषणाई साधारण १८ ते ३० नोव्हेंबर असते. सुरू होण्याच्या वेळेला सगळ्यात लांब रांग असते. बंद होण्याच्या तासभर आधी गेलं तर बरीच ओसरलेली असते. तिपाई आणि सेल्फी-दांडी जवळपास सगळीकडे बंद आहे, म्हणून फोन कठड्याला टेकवून फोटो काढा.

एइझान रेल्वेवर इचिहारा आणि निनोसे या स्थानकांमध्ये २५० मीटरचा मेपलचा बोगदा आहे. हंगामात संध्याकाळी तिथे दिवे असतात आणि गाडी मुद्दाम सावकाश जाते. देमाचियानागीहून बसा, ऊब असलेल्या डब्यात बसून बघायला मिळतं. दिवसभर चालून पाय दुखत असतील त्या संध्याकाळसाठी हे राखून ठेवा.

गट सांभाळणं

चार डोकी, चार मतं. म्हणून कामं वाटून घ्या: एक जण वेळ आणि मार्ग बघेल, दुसरा आरक्षणं, तिसरा पैसे. बऱ्याच मंदिरांत आजही रोखच चालते. रोज सकाळी प्रत्येकी ठरावीक रक्कम, समजा ४,००० येन, एका पाकिटात जमा करा आणि प्रवेश तिकिटं, टॅक्सी, चहा त्यातून भागवा. प्रत्येक खिडकीवर सहा जणांनी सहा पाकिटं उघडायला नकोत. परदेशी कार्डावर रोख काढायला सेव्हन-इलेव्हनची यंत्रं भरवशाची.

ताटातूट होणारच, ती धरून चला. हंगामात एइकान-दो, तोफुकु-जी अशा ठिकाणी एकदिशा मार्ग असतो आणि मागे वळून शोधायला जाता येत नाही. नियम असा: शोधायचं नाही, बाहेर पडून तिकीट खिडकीपाशी थांबायचं. क्योटो स्थानकावर भेटायचं असेल तर नुसतं ‘स्थानकावर’ म्हणू नका. कारासुमा आणि हाचिजो या दोन बाजूंमध्ये दहा मिनिटांची पायपीट आहे.

जेवणासाठी सहा जणांनी एकत्र बसण्याचा अट्टहास सोडा. क्योटोतल्या छोट्या उपाहारगृहांत आठ-दहाच खुर्च्या असतात. दुपारी तीन-तीनमध्ये फुटा आणि अकरा वाजताच जेवा. साडेबाराला सगळीकडे रांग असते. रात्रीचं जेवण एकत्र हवं असेल तर आरक्षण करा, आणि केलं की वेळेवर पोहोचा. दोघे कमी झाले तर आधी कळवा. गटात कुणी काटेकोर शाकाहारी असेल तर लक्षात ठेवा की दाशी, म्हणजे बहुतेक रश्शांचा आणि सॉसचा पाया, कात्सुओ माशाच्या वाळवलेल्या कापांपासून बनतो. उदोन नूडल्स, मिसो सूप, अगदी इनारीझुशीतही (तळलेल्या तोफूच्या पिशवीतला भात) तो असतो. नुसतं ‘मांस नको’ सांगून भागत नाही. मठांच्या पद्धतीचं शाकाहारी जेवण, शोजिन-र्योरी, मागा, बहुतेक ठिकाणी आधी आरक्षण लागतं. नान्झेन-जी परिसरातलं युदोफू, म्हणजे गरम पाण्यातला तोफू, थंडीत छान लागतं, पण सोबतच्या सॉसमध्ये मासा आहे का हे विचाराच. सोय म्हणून दुकानातली उमे (आंबट खारवलेलं फळ) किंवा कोम्बू (समुद्री शेवाळ) घातलेली ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, पाहा, तिच्यामागचीही यादी वाचून.

आवाज हा गटाचा खरा दोष असतो. रेल्वेत आणि मंदिरात हळू बोला. गिओनमध्ये मुख्य हानामिकोजी रस्ता खुला आहे, पण २०२४ पासून आतल्या खाजगी गल्ल्यांत पर्यटकांना बंदी असून फलकांवर १०,००० येन दंड लिहिलेला आहे. मायको, म्हणजे शिकाऊ गेइशा, दिसली तर वाट अडवून फोटो मागू नका. ती कामावर निघालेली असते.

अंगावर आणि पिशवीत काय

दिवसा पारा पंधरा-सतरापर्यंत जातो, पहाटे सहा-सातवर येतो. एक जाड कोट घेण्यापेक्षा दोन-तीन थर बरे. बूट सहज निघणारे घाला. मंदिरात दिवसातून चार-पाच वेळा काढावे लागतात आणि लाकडी जमीन गार पडलेली असते, म्हणून मोजे जाड आणि बिनभोकाचे. रस्त्यात कचरापेट्या जवळपास नसतात. आपला कचरा परत न्यायला एक पिशवी ठेवा. पावसाची धास्ती घेऊ नका. ओली पानं गडद दिसतात आणि गर्दी निम्मी होते, फक्त दगडी पायऱ्यांवरचा ओला सडा भलताच निसरडा असतो.

मोठ्या बॅगा बसमध्ये घेऊन चढू नका. क्योटो स्थानकातले कॉइन लॉकर हंगामात सकाळीच भरतात. शेवटच्या दिवशी बॅगा हॉटेलातच ठेवा, किंवा पुढच्या मुक्कामी ताक्क्युबिन कुरिअरने पाठवा. ती सहसा दुसऱ्या दिवशी पोहोचते, म्हणून एका रात्रीचे कपडे हाताशी ठेवा. कान्साई विमानतळाकडे जाणारी हारुका गाडी सुमारे ऐंशी मिनिटं घेते. सुट्टीच्या दिवशी निघणार असाल तर सहाही जागा आदल्या दिवशीच राखून घ्या.